चालकाचे डोळे वाटेवर असावेत

बैलगाडी हाकणारा जुना धुरकरी धुरेवर बसला म्हणजे त्याच्यासमोर एकही यंत्र नसे. वेग दाखविणारा काटा नव्हता, तेल संपल्याची सूचना देणारा दिवा नव्हता, की दाबावयाची एखादी कळ नव्हती. तरीही गाडीत काय चालले आहे याची त्यास क्षणोक्षणी खबर असे. डावा बैल अंग चोरू लागला की कासऱ्याची ओढ बदले व ती हातास कळे. आखास वंगण कमी पडले की चाक कुरकुरे व ते कानास कळे. ओझे मागे सरून गाडी उलाळ होऊ लागली की बसल्या जागीच ते अंगास जाणवे. हात, कान आणि अंग यांनी एवढी कामे वाटून घेतल्यामुळे त्याचे डोळे सारा वेळ वाटेवर मोकळे राहत. वाहन हाकण्याच्या विद्येतील सर्वांत मोठे मर्म हेच होय, आणि तेच आज मोटारीच्या युगात विसरले जात आहे असे मला वाटते.

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, औतास जुंपून पाहतो. मोटार घेताना मात्र तिचा रंग, तिची किंमत व एका लिटरात ती किती किलोमीटर जाते, एवढ्यावरच आपली चौकशी संपते. चालकाच्या समोर जी फळी असते, जिला डॅशबोर्ड म्हणतात, तिच्यावर काटे, दिवे, कळा व पडदे कसे मांडले आहेत हे क्वचितच कोणी पारखून घेतो. वस्तुतः माणूस आणि यंत्र यांचे बोलणे त्या फळीवरच होत असते. ते बोलणे नीट झाले नाही तर काय प्रसंग ओढवतो, याचा अनुभव मला घरच्याच मोटारीत आला. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढे मांडीत आहे.

ढाणकीच्या वाटेवरील एक संध्याकाळ

आमच्या ढाणकीस आगगाडी नाही. उमरखेड या तालुक्याच्या गावी जावयाचे असो, की पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात उतरावयाचे असो, सारा व्यवहार रस्त्याचा. कापसाच्या दिवसांत या रस्त्यावर एस.टी., ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, गुरे आणि पायी चालणारी माणसे एकाच वेळी असतात.

मार्गशीर्षातील एका लग्नाहून आम्ही उमरखेडकडून परतत होतो. मोटार पुतण्याने नुकतीच घेतलेली होती. आत आम्ही पाच जण. बाहेर थंडी पडू लागल्याने काचा बंद. दिवेलागणीची वेळ होती. पाच जणांच्या श्वासाने समोरच्या काचेवर आतून दव धरले. आमच्या जुन्या जीपमध्ये अशा वेळी हाताशी असलेली मूठ फिरविली की काचेवर वारा येई. ती मूठ अंधारातही सापडे. नव्या मोटारीत मूठ नव्हती. मधोमध एक मोठा चकचकीत पडदा होता आणि काच स्वच्छ करण्याची सोय त्या पडद्याच्या पोटात कोठेतरी होती. पुतण्याने बोट लावले, तो गाण्यांचे पान उघडले. दुसऱ्यांदा लावले, तो नकाशा आला. तिसऱ्यांदा वाऱ्याचे पान सापडले. पण त्यावरची चित्रे बारीक, आणि रस्ता खडबडीत असल्याने बोट भलतीकडेच पडे. मी डाव्या बाजूस बसलो होतो. दुपट्ट्याने काच पुसली आणि पुसलेल्या जागेतून समोर बैलगाडीची मागची फळी दिसली.

मी ओरडलो. पुतण्याने ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा दोहोंमध्ये हातभर अंतर उरले होते. बैलगाडीत कापूस वेचून घरी परतणाऱ्या बाया पाय सोडून बसल्या होत्या. गाडी आमच्याच भाऊबंदांपैकी एकाची. तिला मागे दिवा नव्हता, की रेडियमची पट्टी नव्हती. बायांतील एका म्हातारीने शांतपणे विचारले, "दिसलं नाही का रे बापू?"

पुतण्याकडे उत्तर नव्हते. त्याने मद्य घेतले नव्हते, वेग अधिक नव्हता, फोन खिशात होता. तो मोटारीची काच स्वच्छ करण्याच्या, म्हणजे नीट दिसावे याच खटपटीत होता. आणि त्या खटपटीपायीच त्याचे डोळे वाटेवरून सुटले होते. हा दोष एकट्या चालकाचा म्हणता येत नाही. जे काम हाताने व्हावयाचे ते ज्याने डोळ्यांवर टाकले, त्या मांडणीचाही तो दोष आहे.

विमानातील दोन कळा

मांडणीचा दोष माणसाच्या माथी मारण्याची चूक मोठमोठ्या लोकांनीही केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची बाँबफेकी विमाने सुखरूप जमिनीवर उतरत, आणि उतरल्यावर चालक विमानाची चाके एकाएकी पोटात ओढून घेई. विमान पोटावर आपटे. चालक निष्काळजी आहेत असे प्रथम म्हटले गेले. अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले, तो चाकांची कळ आणि पंखांच्या फळ्यांची कळ अशा दोन कळा शेजारी शेजारी, दिसावयास व हातास सारख्याच. दमलेला चालक फळ्या मिटावयास जाई आणि हात चाकांच्या कळीवर पडे. उपाय अगदी साधा निघाला. चाकांच्या कळीस रबराचे लहानसे चाक बसविले आणि फळ्यांच्या कळीस पाचरीचा आकार दिला. पुढे न पाहताच बोटांना कळू लागले की आपण काय धरले आहे.

या गोष्टीतील तात्पर्य असे की, माणसाने चूक केली म्हणजे आधी त्याच्या हाताखाली काय ठेवले होते ते पाहावे. चालकाला तीन प्रकारची कामे असतात. काही गोष्टी त्याला कळाव्या लागतात: वेग, तेलाचा साठा, इंजिनाची उष्णता. काही गोष्टी त्याला तत्काळ कराव्या लागतात: भोंगा, डिपर, वायपर, वळणाचा दिवा, काचेवरचा वारा. आणि काही केवळ सोयीच्या असतात: गाणे, नकाशा, थंड हवा. पहिल्या प्रकारची माहिती एका दृष्टिक्षेपात मिळावी. दुसऱ्या प्रकारची कळ न पाहता हातास सापडावी. तिसरा प्रकार मोटार थांबेपर्यंत थांबू शकतो. ज्या मोटारीत हा क्रम पाळला आहे ती चांगली मांडणीची, ज्या मोटारीत या तिन्हींची सरमिसळ करून सारे एका पडद्यात कोंडले आहे ती वाईट मांडणीची, असे समजावे.

ट्रॅक्टरावरील ससा व कासव

या बाबतीत ट्रॅक्टर बनविणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या सोयीचा विचार पुष्कळ आधी केलेला आहे. ट्रॅक्टरावरील खुणा सर्व देशांत सारख्या असाव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय मानके ठरलेली आहेत. तेलाची बुधली म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब, पेटीचे चित्र म्हणजे बॅटरी, ससा म्हणजे जलद आणि कासव म्हणजे संथ. ससा व कासव यांची गोष्ट आपल्याकडील लहान मूलही जाणते. ज्यास अक्षर येत नाही अशा गड्यासही ही चित्रे समजतात. रंगांचाही संकेत आहे. फळीवर तांबडा दिवा लागला म्हणजे तात्काळ थांबावे. पिवळा लागला म्हणजे लवकर लक्ष घालावे. हिरवा अथवा निळा दिवा केवळ अमुक गोष्ट चालू आहे एवढेच सांगतो. तांबडा दिवा दिसत असता "शेत आटोपू, मग पाहू" असे म्हणणारे इंजिन जाळून बसतात.

कळांचेही रंग ठरले आहेत. इंजिन बंद करण्याची कळ तांबडी, वाहन पुढे नेणाऱ्या कळा नारिंगी, आणि पीटीओ म्हणजे रोटाव्हेटर, थ्रेशर फिरविणाऱ्या दांड्याची कळ पिवळी, असा तो संकेत आहे. आपल्या ट्रॅक्टरात तो पाळला आहे की नाही हे पाहून घ्यावे. पाळला नसल्यास रंगाची डबी आपल्याच हाती आहे. एवढेच नव्हे, तर चॅपॅनिसचा उपाय आपणही करू शकतो. पीटीओच्या कळीवर सुतळीचे चार वेढे घट्ट गुंडाळावेत. रात्री मळणी चालू असता नवखा गडी हायड्रॉलिकच्या कळीऐवजी ती धरील, तर त्याच्या तळहातास ती खरखरीत लागेल आणि तो थबकेल. पदर, धोतर किंवा बाही दांड्यात सापडण्यास एक क्षण पुरतो. थबकण्यासही तेवढाच पुरतो.

ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेचा कसोटी-अहवाल विक्रेत्याकडे मागावा. ही संस्था १९५५ पासून काम करीत आहे. आपण अहवालात अश्वशक्ती तेवढी वाचतो. चालकाच्या कानाशी होणारा आवाज व बैठकीस बसणारे हादरेही वाचावेत. दिवसभर हादरे खाणारा गडी संध्याकाळी चुकीची कळ धरतो.

ट्रॅक्टरावर बैठक एकच असते, यातही एक सूचना आहे. ज्याने यंत्र घडविले त्याने दुसऱ्या माणसास जागा ठेवलेली नाही. मडगार्डावर पोरास बसवून शेतावर नेणारा बाप यंत्राने स्पष्ट सांगितलेली गोष्ट ऐकत नसतो.

उतारूंची खूण

आतापर्यंत चालकाविषयी लिहिले. पण वाहनात उतारूही असतात आणि त्यांचेही चालकाशी बोलणे असते. याचे उत्तम उदाहरण आपल्या एस.टी.त आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतर वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांतील लोकांनी एस.टी.च्या छताखालून गेलेली दोरी व तिला बांधलेली घंटा पाहिली आहे. वाहकाने एक ठोका दिला की थांबावयाचे, दोन दिले की निघावयाचे. भर बाजाराच्या दिवशी, कोंबड्या व पोती यांच्या गर्दीतून वाहकास पुढे जाता येत नसे. चालकासही मागे वळून पाहावे लागत नसे. पन्नास माणसांची इच्छा एका ठोक्यात त्याच्या कानी पडे आणि त्याचे डोळे रस्त्यावरच राहत. दोरीच्या जागी विजेची कळ आली तरी खूण तीच राहते. ज्यांनी ही सोय केली त्यांनी कोठे मोठा ग्रंथ वाचला असेल असे नाही. त्यांनी चालकाचे कष्ट पाहिले होते.

घरच्या मोटारीत वाहक नसतो. म्हणून चालकाच्या डावीकडे बसणाऱ्याने वाहकाचे काम करावे असे मी म्हणेन. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. पडदा त्याच्या डाव्या हातास येतो, आणि गिअरही त्याच हाताचे. एका हातावर दोन धन्यांची चाकरी आली म्हणजे एक काम बिघडणारच. पडदा शेजाऱ्याने हाताळावा. चालकाने तोंडाने सांगावे.

मापे मधोमध, मग पडदे

मोटारीच्या फळीचा इतिहास महाराष्ट्रातच पुष्कळसा पाहावयास मिळतो. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून लक्षावधी लोकांच्या परिचयाची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी निवृत्त झाली. तिच्या जुन्या गाड्यांत गिअरची दांडी सुकाणूच्या खांबावर असे, फळीवर मोजके काटे व थोड्या कळा असत. २००८ साली आलेल्या टाटांच्या इंडिका व्हिस्टात, आणि २००९ साली विक्रीस आलेल्या नॅनोत, वेगाचे माप चालकासमोर न ठेवता फळीच्या मधोमध बसविले होते. ही मांडणी डाव्या वा उजव्या कोणत्याही हाताच्या मोटारीस चालते, हा तिचा लाभ. पण वेग पाहण्यास नजर बाजूला न्यावी लागते. त्याच कारखान्याच्या २०१४ सालच्या झेस्टमध्ये माप पुन्हा चालकासमोर आले.

पुढे पडद्यांचे युग आले. अमेरिकेत टेस्लाच्या २०१२ सालच्या मोटारीत सतरा इंची पडदा मधोमध बसला आणि जगभर ती चाल पडली. आपल्याकडे महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सईव्ही ९ई ही विजेवर चालणारी मोटार लोकांपुढे ठेवली. तिच्यात एका ओळीत तीन पडदे आहेत, त्यांतील एक केवळ शेजारच्या उतारूसाठी. या मोटारी पुण्याजवळच्या चाकण येथे बनतात.

कारखानदार पडदा का पसंत करतात हे समजून घेतले पाहिजे. वीस कळा, त्यांच्या वीस तारा व वीस साचे यांपेक्षा एक पडदा बसविणे सोपे व स्वस्त पडते. पुढे सुधारणा करावयाची तर आतील आज्ञावली बदलली की झाले. शिवाय दुकानात उभ्या मोटारीत पडदा श्रीमंत दिसतो. पडद्याचे खरे लाभही आहेत आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. मोटार मागे घेताना मागचे मूल, वासरू, दगड पडद्यावर दिसतो. हा उपकार लहान नव्हे. अनोळखी शहरात रुग्ण घेऊन जाताना नकाशा वाट दाखवितो. हे सारे घ्यावे. वाद आहे तो एवढाच की, धावत्या मोटारीत तत्काळ करावयाची कामे त्या पडद्यात लपवावीत काय?

हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर मोटार ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून अधिक, आंधळी धावते. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने २०१३ साली कारखानदारांना मार्गदर्शन केले की, कोणतेही काम असे असावे की त्यासाठी एका वेळी दोन सेकंदांहून अधिक व एकूण बारा सेकंदांहून अधिक नजर रस्त्यावरून हलू नये. स्वीडनमधील वी बिलागारे या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली काही नव्या मोटारी व २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो यांची परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामे करावयाची होती. कळांच्या जुन्या मोटारीत ती दहा सेकंदांत, सुमारे ३०६ मीटर अंतरात झाली. पडद्याच्या सर्वांत मागे राहिलेल्या मोटारीस त्यांस ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात मोटार सुमारे १,३७२ मीटर गेली होती. सतरा वर्षांच्या प्रगतीने चालकाचे काम चौपटीहून लांबविले, असा याचा अर्थ होतो.

याची जाणीव आता परदेशांत झाली आहे. नव्या मोटारी आपटून त्यांस सुरक्षिततेचे तारे देणारी युरोपातील संस्था यूरो एनकॅप हिने २०२६ च्या कसोट्यांपासून असे ठरविले की, वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर व संकटकाळी मदत मागण्याची कळ या पाच गोष्टींस हातास लागणाऱ्या स्वतंत्र कळा असल्याशिवाय पूर्ण गुण मिळावयाचे नाहीत. हा कायदा नव्हे. परंतु तारे गेले की ग्राहक जातो, हे कारखानदार जाणतात. आपल्याकडेही ग्राहकाने विचारले तरच मांडणी सुधारेल.

घंटा बंद करणारे आपणच

सारा दोष कारखान्यांवर टाकून आपणास मोकळे होता येणार नाही. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या कसोट्या घेते व त्यांची मानके प्रसिद्ध करते. सरकारने १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत काही सूचना सक्तीच्या केल्या. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की मधून मधून आवाज व्हावा, १२० ओलांडले की तो सतत व्हावा. चालकाने व शेजाऱ्याने पट्टा बांधला नसल्यास घंटा वाजावी. मागे घेताना अडथळ्याची सूचना मिळावी. डोळ्यांना न गुंतविता कानाशी बोलण्याची ही रीत म्हणजे एस.टी.च्या दोरीचेच नवे रूप होय.

आणि आपण काय केले? पट्ट्याच्या खाचेत नुसता धातूचा तुकडा खोचून घंटा गप्प केली. हे तुकडे उघडपणे विकले जाऊ लागले, तेव्हा मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ते विक्रीतून काढण्याचा आदेश द्यावा लागला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागे बसले होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. मोटार भारी किमतीची होती. किमतीने मोटार मजबूत होते. पट्टा मात्र ज्याचा त्याने बांधावा लागतो. मागच्या बैठकीवर आपल्या घरातील वृद्ध, सुना व नातवंडे बसतात, हे घंटेस गप्प करणाऱ्याने आठवावे.

मोटारीची पारख

मोटार घेणाऱ्या बंधूंनी पुढीलप्रमाणे परीक्षा घ्यावी असे सुचवितो. तिला पैसा लागत नाही. विक्रेत्याचा अर्धा तास लागतो.

प्रथम उभ्या मोटारीत चालकाच्या जागी बसावे, बैठक आपल्या उंचीस लावून घ्यावी आणि डोळे मिटावेत. शेजाऱ्याने एकेक नाव घ्यावे: भोंगा, डिपर, वायपर, वळणाचा दिवा, धोक्याचे दिवे, काचेवरचा वारा. डोळे मिटून ज्या कळा सापडल्या नाहीत त्या मोजाव्यात. दहा मिनिटांच्या सरावानंतर पुन्हा मोजावे. तरीही दोन-तीन सापडत नसतील तर ती मोटार सोडावी, अथवा त्याच मोटारीचा कमी किमतीचा प्रकार पाहावा. पुष्कळदा स्वस्त प्रकारात जुन्या मुठी शिल्लक असतात.

दुसरे, मोटार भर दुपारी उन्हात पाहावी. आपल्या वैशाखातील उन्हात पडद्यावरील अक्षर दिसते काय? तीच मोटार रात्रीही पाहावी; पडद्याचा उजेड कमी करता येतो काय? अंधाऱ्या रस्त्यावर आतला लख्ख उजेड बाहेरचे दिसणे कमी करतो.

तिसरे, हात किंचित ओला करून पडद्यास लावावा. शेतकऱ्याचा हात नेहमी कोरडा व स्वच्छ नसतो. ओल्या वा धुळीच्या बोटास जो पडदा जुमानत नाही तो शेतावर निरुपयोगी.

चौथे, घरात जो जो मोटार चालविणार त्या प्रत्येकास बसवून पाहावे. मुलगा उंच असतो, सून तेवढी उंच नसते. सुकाणूच्या चाकामागून वेगाचे माप दोघांनाही दिसले पाहिजे.

पाचवे, कागदपत्रांबरोबर माहितीपुस्तक मराठीत मिळते काय, पडद्यावर देवनागरी आणता येते काय, हे विचारावे. मिळत नसल्यास तसे लेखी कळवावे. मागणी नोंदविल्याशिवाय पुरवठा होत नाही, हे बाजार जाणणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

आणि मोटार घरी आल्यावर एक नियम करावा: नकाशा लावणे, गाणे निवडणे, काचेचा वारा ठरविणे ही कामे मोटार हलण्यापूर्वी. वाटेत बदल करावयाचा तर शेजाऱ्याने करावा. शेजारी नसल्यास कडेला थांबून करावा.

आमच्या पुतण्याने त्या संध्याकाळनंतर हा नियम पाळला आहे. मोटार सुरू केली की तो आधी वाऱ्याचे पान उघडून ठेवतो आणि डावीकडे जो बसेल त्याच्या स्वाधीन पडदा करतो. "काकाजी, आता तुम्ही कंडक्टर," असे तो मला म्हणतो, आणि मी ती चाकरी आनंदाने करतो.

माझ्याही वाट्यास एक काम आले होते. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याहून तांबड्या रेडियमच्या पट्ट्या आणल्या. आमच्या दोन्ही बैलगाड्यांच्या मागच्या फळीस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस, आणि त्या भाऊबंदाच्या गाडीसही त्या लावल्या. खर्च एका पायलीच्या ज्वारीइतकाही आला नाही. रस्त्यावर मागून येणाऱ्याशी आपल्या गाडीचे जे काही बोलणे असते ते त्या पट्टीतूनच होते. मोटार बनविणाऱ्याने चालकाचे डोळे मोकळे ठेवावेत, चालकाने ते वाटेवर ठेवावेत, आणि वाटेवर असणाऱ्याने त्या डोळ्यांस दिसावे. या तिहींपैकी एकानेही आपले काम सोडले, तर त्या म्हातारीच्या प्रश्नास उत्तर देणे पुढच्या खेपेस कठीण जाईल.